शंकरपाळी भरीव की पोकळ?

इंजिनिअरिंग कॉलेजात तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो की मी प्रोजेक्टची फाइल उघडतो, क्लास डायग्रामचं पान काढतो आणि त्यातल्या कुठल्याही एका रेघेवर बोट ठेवतो. "ही रेघ मला मराठीत वाचून दाखव." चौकोनांबद्दल विचारलं तर मुलं धडाधड बोलतात. रेघ म्हटलं की तिथेच घोडं पेंड खातं. "सर, ती कॉम्पोझिशन आहे." का? "म्हणजे गाडीत जसं इंजिन असतं तसं." समोरच्या चित्रात गाडी नसते, इंजिन नसतं; असतं ते दवाखान्याच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर. पाठ केलेलं उदाहरण तोंडात तयार, पण कागदावरची रेघ काय सांगते हे ओढणाऱ्यालाच ठाऊक नाही.

त्या मुलांना हसण्याचा अधिकार मला नाही. नोकरीची पहिली काही वर्षं मीही रेघा अशाच ओढल्या आणि एकीची किंमत चांगलीच मोजली. ते पुढे सांगतोच. तेव्हापासून एकच सवय धरली आहे : चौकोन म्हणजे नाम आणि रेघ म्हणजे वाक्य. वाक्य असल्यामुळे ती खरी तरी असते किंवा खोटी तरी. आणि ते ठरवायला यूएमएलचं, म्हणजे या चित्रांच्या चिन्हभाषेचं, पुस्तक लागत नाही, त्या धंद्यातला माणूस लागतो.

ग्रंथालय, एटीएम आणि गाडी-इंजिन ही उदाहरणं घासून गुळगुळीत झाली आहेत, म्हणून आपण गावातलं दूध संकलन केंद्र घेऊ. सकाळ-संध्याकाळ सभासद दूध आणतात. माप होतं, फॅट आणि एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून उरलेले घन घटक) मोजलं जातं, दरपत्रकाप्रमाणे लिटरचा दर निघतो, हातात चिठ्ठी पडते. बऱ्याच ठिकाणी दर दहा दिवसांनी बिल निघतं. त्यातून पशुखाद्याची उधारी, घेतलेली उचल असं काय काय कापून उरलेली रक्कम सभासदाला मिळते. अनेक संस्था वर्षभराच्या दुधावर दिवाळीला दरफरकही देतात. हा दरफरक लक्षात ठेवा, तो पुढे आपली एक शंकरपाळी पुसणार आहे.

सुरुवात कागद-पेन्सिलीने करा. केंद्राच्या सचिवांशी बोलताना त्यांची वाक्यं जशीच्या तशी उतरवून घ्या : सभासद दूध घालतो, नोंद होते, बिलात कपात असते. यातून चौकोन मिळतील : सभासद, नोंद, दरपत्रक, बिल, कपात, उचल. आता ज्यांच्यात वाक्य आहे त्यांच्यामध्ये नुसती साधी रेघ ओढा. बाण नको, त्रिकोण नको, शंकरपाळी नको. या साध्या रेघेला असोसिएशन म्हणतात, आणि माझ्या अनुभवात चांगल्या डायग्राममधल्या बहुतेक रेघा शेवटपर्यंत साध्याच राहतात. नवशिक्यांना साधी रेघ म्हणजे अपुरं काम वाटतं. स्वयंपाक येतो हे दाखवायला प्रत्येक पदार्थात गरम मसाला घालावा, तसं ते दागिने चढवत सुटतात.

साध्या रेघेवर पहिली भर घालायची ती आकड्यांची, म्हणजे मल्टिप्लिसिटीची. सभासद आणि नोंद यांच्यामधली रेघ घ्या. एका सभासदाच्या किती नोंदी? शून्य किंवा कितीही. एक नोंद किती सभासदांची? एकाचीच. मग '०..*' हे नोंदीच्या बाजूला लिहायचं आणि '१' सभासदाच्या बाजूला. इथे निम्मी मुलं उलटं लिहितात, कारण 'एका सभासदाच्या अनेक नोंदी' म्हणताना सभासद आधी येतो आणि हात त्याच्याकडेच वळतो. सोपी खूण अशी : मोजणी ज्याची, आकडा त्याच्याच दाराशी.

रेघ दोन्ही बाजूंनी वाचली की गंमत सुरू होते, कारण धंद्याचे प्रश्न तेव्हाच बाहेर पडतात. 'एक नोंद एकाच सभासदाची' असं वाचून दाखवलंत की सचिव म्हणतील, बिगरसभासदही दूध घालतात की! झालं, चौकोनाचं नावच चुकलं. तो 'सभासद' नाही, 'उत्पादक' आहे, आणि सभासदत्व ही त्याला लागू असणारी किंवा नसणारी वेगळी गोष्ट आहे. पुढे, एका बिलात किती नोंदी? तुम्ही आत्मविश्वासाने '१..*' लिहिता. पण जनावर आटलं, दहा दिवस थेंबभर दूध आलं नाही, उचलीचा हप्ता मात्र ठरलेला आहे. तर त्याचं बिल निघतं की नाही? निघत असेल तर '०..*'. आणि एका नोंदीची किती बिलं? '१' लिहू नका. आज सकाळची नोंद दहा दिवस पुरे होईपर्यंत बिलाविना असते, म्हणून '०..१'. एवढ्याशा शून्यासाठी प्रोग्रामात एक अट लिहावी लागते. ती विसरली की बिल नसलेली नोंद उघडताच स्क्रीनवर लाल अक्षरं येतात.

यानंतर बाण. बाण म्हणजे कोणाला कोणाची ओळख आहे. नोंदीला आपला उत्पादक माहीत असायलाच हवा. उत्पादकाला आपल्या सगळ्या नोंदी माहीत असायला हव्यात का? हिशेब करा : दिवसाला दोन वेळा, वर्षाचे ३६५ दिवस, दहा वर्षं, एका माणसाच्या ७,३०० नोंदी. रेघ दोन्हीकडून चालती ठेवली आणि कोड लिहिणाऱ्याने ती इमानदारीने उतरवली, तर कधीतरी कोणीतरी उत्पादकाचा फोन नंबर बदलायला जाईल आणि मागून सात हजार नोंदी ओढत आणेल. शिवाय दुहेरी ओळख दोन्ही टोकांनी सांभाळावी लागते. नोंद एका उत्पादकाकडून दुसऱ्याकडे फिरवली तर तीन ठिकाणी दुरुस्ती. म्हणून बाण एकाच बाजूला, नोंदीकडून उत्पादकाकडे. उलट दिशेची गरज पडली की यादी विचारून आणता येते. बाण अजिबात नसलेली रेघ मात्र संदिग्ध असते : कोणी ती दुहेरी समजतं, कोणी 'अजून ठरलं नाही' असं. तुमच्या टीममध्ये तिचा अर्थ काय, हे आधी बोलून घ्या.

याच टप्प्यावर एक चूक फार दिसते. नोंदीच्या चौकोनात 'उत्पादक क्रमांक' असंही लिहिलेलं असतं आणि उत्पादकाकडे रेघही गेलेली असते. एकच गोष्ट दोनदा सांगितली. क्रमांक ही डेटाबेसच्या तक्त्याची सोय आहे, क्लास डायग्राममध्ये तिचं काम रेघच करते. तारीख, लिटर, फॅट हे चौकोनात. दुसऱ्या चौकोनाकडे जाणारं नातं रेघेत.

आता शंकरपाळ्या. इंग्रजी पुस्तकं त्यांना हिरा म्हणतात, मला दिवाळीचं ताट आठवतं. शंकरपाळी कायम पूर्णाच्या बाजूला, अंशाच्या नव्हे. भरीव म्हणजे कॉम्पोझिशन, पोकळ म्हणजे अ‍ॅग्रिगेशन.

बिल आणि नोंद यांच्यात काय येईल? वर्गात विचारलं तर एकमुखाने उत्तर येतं : भरीव, कारण बिल नोंदींचं बनलेलं असतं. ऐकायला बरोबर वाटतं. पण कॉम्पोझिशन 'बनलेलं असतं' एवढंच म्हणत नाही. ते म्हणतं की अंश एका वेळी एकाच पूर्णाचा असतो आणि पूर्ण गेलं की सोबत अंशही जातो. बिलात चूक निघाली, सचिवांनी ते रद्द करून नव्याने काढलं, तर दहा दिवसांच्या नोंदी पुसायच्या? अजिबात नाही. दूध आलं होतं, मापलं होतं, दूध संघाच्या टँकरमध्ये गेलंही. आणि दिवाळीचा दरफरक वर्षभराच्या नोंदींवरच निघायचा आहे. नोंदीचं आयुष्य बिलापेक्षा मोठं आहे, ती बिलाच्या आधी जन्मते आणि नंतरही उरते. म्हणून तिथे साधी रेघ.

त्याच बिलातली कपातीची ओळ पाहा : 'उचलीचा हप्ता, ४०० रुपये'. ही ओळ या बिलाशिवाय कुठेच उभी राहत नाही. बिल रद्द झालं की तिला अर्थ उरत नाही, दुसऱ्या बिलात ती उचलून चिकटवताही येत नाही. इथे शंकरपाळी भरा, बिलाच्या बाजूला. पण त्या ओळीमागची मूळ उचल, समजा गेल्या महिन्यात घेतलेले दहा हजार रुपये, ती बिलासोबत जात नाही. गेली असती तर प्रत्येक उत्पादकाने आपलं बिल रद्द करून घेतलं असतं! म्हणून कपातीची ओळ बिलाच्या मालकीची, आणि तिच्याकडून उचलीकडे साधा बाण.

'पूर्ण पुसलं तर अंशाचं काय होतं' ही कसोटी चांगली आहे, पण हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये सहसा काहीच पुसत नाहीत, 'रद्द' असा शिक्का मारतात. तिथे प्रश्न फिरवून विचारा : हा अंश मालकाशिवाय वहीत एकटा उभा राहील का? दुसरी एक ताबडतोबची तपासणी आहे, ती डोळे मिटून करता येते. भरीव शंकरपाळीजवळचा आकडा एकापेक्षा मोठा असूच शकत नाही. '१' किंवा '०..१' एवढेच पर्याय. तिथे तारा दिसला की रेघ चुकली, चर्चेची गरज नाही. एक बारकावा मात्र आहे. एकाच क्लासकडे दोन वेगवेगळ्या पूर्णांच्या भरीव शंकरपाळ्या येऊ शकतात, कारण बंधन क्लासवर नाही, प्रत्यक्ष वस्तूवर आहे : एका वेळी एकच मालक.

पोकळ शंकरपाळीबद्दल माझं मत विचाराल तर, वापरू नका. हा माझा आडमुठेपणा नाही. यूएमएलचा अधिकृत मसुदाच मान्य करतो की तिचा नेमका अर्थ क्षेत्रानुसार आणि काढणाऱ्यानुसार बदलतो. ज्या तिघांनी यूएमएल घडवलं, ते ग्रेडी बूच, आयव्हर जेकबसन आणि जेम्स रंबॉ. त्यांतल्या रंबॉंनीच अ‍ॅग्रिगेशनला डॉक्टरने समाधानासाठी दिलेल्या साखरेच्या गोळीच्या रांगेत बसवलं आहे. कोडमध्ये उतरवताना साधी रेघ आणि पोकळ शंकरपाळी यांत काहीच फरक पडत नाही. फक्त परीक्षेत 'फरक स्पष्ट करा' असा प्रश्न येतो, म्हणून विद्यार्थ्यांनी तो लिहावा, गुण घ्यावेत आणि नोकरीत साधी रेघ ओढावी.

जावामध्ये कोड वाचून ही नाती ओळखता येतील या भ्रमात राहू नका. असोसिएशन असो, अ‍ॅग्रिगेशन असो की कॉम्पोझिशन, क्लासमध्ये तिन्ही एका फील्डसारखीच दिसतात. म्हणूनच कोडवरून आपोआप डायग्राम काढणारी साधनं मालकीचा फक्त अंदाज बांधू शकतात. सी प्लस प्लसमध्ये वस्तू थेट आत ठेवली आहे की पॉइंटरने धरली आहे यावरून थोडा सुगावा लागतो. डेटाबेसमध्ये मात्र भरीव शंकरपाळीला सरळ जोडीदार आहे : मुख्य ओळ पुसली की तिच्यावर अवलंबून असलेल्या ओळीही पुसणारा कॅस्केडचा नियम. बिल आणि नोंदीमध्ये शंकरपाळी चुकून भरली, आणि कोणी ती बघून कॅस्केड लावला, तर एक रद्द बिल दहा दिवसांचं दूध गिळून टाकेल.

त्रिकोणाकडे, म्हणजे इनहेरिटन्सकडे, वळताना हात आखडता घ्या. पोकळ त्रिकोणाचं टोक कायम वडिलांकडे. मुलाकडे टोक केलेले त्रिकोण मी दर वर्षी पाहतो. वाक्य असं : 'प्रत्येक अमुक हा तमुक असतोच, आणि कायम असतो.' या 'कायम'मध्ये सगळी मेख आहे. व्यक्ती या क्लासखाली सभासद, सचिव आणि टँकरचालक असे तीन उपक्लास काढण्याचा मोह होतो. सचिवांच्या घरी दोन म्हशी आहेत आणि तेही सकाळी दूध घालतात, मग ते कोण? टँकरचालक पुढच्या वर्षी सभासद झाला तर? जावात जन्मलेली वस्तू आयुष्यभर आपला क्लास बदलत नाही. सचिव, सभासद, चालक या भूमिका आहेत, जाती नाहीत. व्यक्तीकडून भूमिकेकडे '०..*' असलेली रेघ ओढा, प्रश्न मिटतो.

गायीचं दूध आणि म्हशीचं दूध असे दोन उपक्लासही नकोत. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून सांगतात, म्हशीच्या दुधाला साधारणपणे ६ आणि ९ धरतात. हा फरक आकड्यांचा झाला, वागण्याचा नव्हे. आकडे दरपत्रकात राहतात, त्यासाठी वंशावळ कशाला?

मग त्रिकोण खरा कुठे शोभतो? येण्यांमध्ये. उचल, पशुखाद्याची उधारी, जनावराच्या विम्याचा हप्ता ही सगळी संस्थेची येणी आहेत. प्रत्येकाला बाकी असते आणि प्रत्येक जण 'या बिलातून किती कापू?' याचं उत्तर आपापल्या पद्धतीने देतो. बिल बनवणाऱ्याला समोर कोणतं येणं आहे हे कळायची गरजच पडत नाही. बार्बरा लिस्कॉव्ह यांनी १९८७ साली एका भाषणात मांडलेली आणि १९९४ मध्ये जेनेट विंग यांच्यासोबत नेमकी केलेली कसोटी हीच : वडिलांच्या जागी मुलगा उभा केला तर वापरणाऱ्याला धक्का बसता कामा नये. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत ही कसोटी मोडलेली आहे. तिथे स्टॅक हा व्हेक्टरचा मुलगा आहे. म्हणून ताटांच्या चळतीत मधूनच ताट खुपसावं तसं स्टॅकच्या पोटात काहीही घालता येतं. एक त्रिकोण चुकीचा निघाला आणि जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून तो तसाच राहून गेला.

तुटक रेघा दोन. तुटक रेघ आणि पोकळ त्रिकोण म्हणजे इंटरफेसचा करार पाळणं. काही संस्था नुसत्या फॅटवर दर देतात, काही फॅट-एसएनएफच्या तक्त्यावरून. 'दरपद्धत' हा इंटरफेस ठेवा आणि दोन्ही क्लास तुटक रेघेने त्याला जोडा. तुटक रेघ आणि साधा बाण म्हणजे डिपेंडन्सी : तात्पुरती गाठ, काम झालं की ओळख विसरली. छपाई करणारा क्लास बिल हातात घेतो, छापतो, सोडून देतो. त्याच्यात बिल साठवलेलं नसतं, म्हणून तुटक.

मी जिची किंमत मोजली ती रेघ हीच, तुटक. एका सहकारी संस्थेसाठी आम्ही असंच सॉफ्टवेअर केलं होतं. मी बिलाकडून दरपत्रकाकडे तुटक बाण काढला : बिल काढताना दर विचारायचा आणि विसरून जायचं. चित्र सुटसुटीत दिसत होतं. वर्षभराने ऑडिटच्या वेळी जुनी बिलं पुन्हा छापली तर रक्कम जुळेना. मधल्या काळात दर बदलले होते आणि प्रोग्राम मागच्या पावसाळ्यातलं दूध आजच्या भावाने मोजत होता. सचिव शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमच्या कॉम्प्युटरपेक्षा माझी वही बरी." नोंदीने आपला दर विसरायला नकोच होता. तिथे नोंदीकडून दरपत्रकाकडे पक्की रेघ हवी होती, दरपत्रकाच्या टोकाला '१' आणि दरपत्रकात 'कधीपासून लागू' ही तारीख. जिथे पैसा आणि काळ एकत्र येतात तिथे तुटक रेघ काढण्याआधी विचारा : सहा महिन्यांनी हे पुन्हा पाहिलं तर आजचंच उत्तर यायला हवं का?

साधनांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. प्लँटयूएमएल आणि मर्मेड यांत चित्र मजकूर लिहून काढता येतं, म्हणून ते कोडसोबत जपता येतं आणि कोणी काय बदललं हे दिसतं. दोन्हींत तारका म्हणजे भरीव शंकरपाळी, आणि ती ज्या नावाला लागून टाइप कराल त्याच बाजूला उमटते. घाईत उलटी पडली की बिल कपातीच्या मालकीचं होतं. एका पानावर आठ-दहा चौकोनांपेक्षा जास्त नकोत. गेटर-सेटरच्या याद्या तर मुळीच नकोत, त्या पाहून कोणाचंही शहाणपण वाढलेलं मी पाहिलं नाही. चिन्हांबाबत शंका आली तर २०१७ ची २.५.१ ही आवृत्ती प्रमाण धरा. १९९७ मध्ये ओएमजी या संस्थेने यूएमएल प्रथम स्वीकारलं, तेव्हापासून काही चिन्हांचे अर्थ सरकले आहेत आणि जुन्या पुस्तकांत जुनेच आहेत.

पण तेही नंतर. आधी तो पेन्सिलीचा कागद घेऊन संकलनाच्या वेळेला केंद्रावर जा, रांग सरली की सचिवांसमोर ठेवा आणि एकेक रेघ वाचा. चिन्हं समजावत बसू नका, नुसती वाक्यं म्हणा. 'एक बिल एकाच उत्पादकाचं. एका उत्पादकाचं एकच बँक खातं.' इथे ते थांबवतील. पुस्तकावर नाव नवऱ्याचं, दूध घालते बायको, आणि गेल्या वर्षापासून पैसे तिच्या खात्यात जमा करायला सांगितलंय; सासूबाईंच्या नावावर वेगळा नंबर आहे, पण चूल एकच. तुम्ही खोडरबर काढाल. खात्याच्या टोकाचा '१' पुसाल, आणि तिथे काय लिहायचं हे ठरण्याआधी आणखी दोन कप चहा होईल.